कुठला कागद, कुठल्या दारावर? : सरकारी शाळेविषयी वाचकांचे प्रश्न

गोव्यातल्या शहरांलगतच्या सरकारी प्राथमिक शाळांविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. पत्रं लांब होती, प्रश्नापुरती ठेवली. आधी एक खुलासा. महाराष्ट्रातून आलेले पालक शाळेच्या कामासाठी पंचायतीत खेटे घालतात आणि हात हलवत परततात. तिकडे प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची असते. गोव्यात ती थेट शिक्षण खात्याची. पायऱ्या अशा: मुख्याध्यापक, तालुक्याचे भागशिक्षणाधिकारी (सगळे त्यांना ‘एडीईआय’ म्हणतात), मग विभागीय कार्यालय आणि शेवटी पर्वरीचं शिक्षण संचालनालय. मधली पायरी गाळून वर गेलात तर अर्ज फिरून पुन्हा खालीच येतो.

आम्ही नोव्हेंबरात सावंतवाडीहून पर्वरीला आलो. मुलगी तिसरीत. जुनी शाळा ‘दाखला देतो, देतो’ म्हणत महिना काढते आहे आणि इथली शाळा म्हणते, ‘दाखला आणा, मग बघू.’ वर्ष वाया जाईल का?
— एक पालक, पर्वरी

जाणार नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चं पाचवं कलम यासाठीच आहे (पुढेही नुसतं ‘कलम’ म्हटलं की ते याच कायद्याचं). सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क मुलाला आहे. जुन्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा आणि तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश अडवायचा किंवा लांबवायचा नाही. पंधराव्या कलमानुसार मुदत टळून गेली तरी प्रवेश नाकारता येत नाही.

तोंडी वाद घालू नका. एका कागदावर अर्ज लिहा: मुलीचं नाव, जन्मतारीख, जुनी शाळा, इयत्ता, दाखला मागितल्याची तारीख आणि ‘दाखला येईपर्यंत तात्पुरता प्रवेश द्यावा’ हे वाक्य. दोन प्रती न्या. एक शाळेत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. मुलीला त्याच दिवसापासून वर्गात बसवा.

एवढं झालं की खरी अडचण संगणकात निघते. प्रत्येक मुलाला यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या देशभरच्या संगणकीय नोंदीत, 11 अंकी कायम क्रमांक असतो, त्याला ‘पेन’ म्हणतात. तो दाखल्यावर किंवा प्रगतिपुस्तकावर सापडतो, नाहीतर जुन्या शाळेला फोन करून विचारा. जुनी शाळा मुलीला ‘शाळा सोडली’ असं दाखवून यू-डायसमधल्या ‘ड्रॉपबॉक्स’ या यादीत टाकते. तिथून नवी शाळा पेन आणि जन्मतारीख घालून तिला आपल्याकडे ओढते. जुन्या शाळेने हे केलं नाही की नवी शाळा कंटाळून मुलीची नवीच नोंद करून मोकळी होते. मग एका मुलीच्या दोन नोंदी राहतात आणि त्याचा त्रास पुढे शिष्यवृत्तीच्या वेळी होतो. म्हणून फोनवर ‘दाखला द्या’ एवढंच सांगून थांबू नका. ‘ड्रॉपबॉक्समध्ये टाका’ असं स्पष्ट सांगा. काम पाच मिनिटांचं आहे. तरीही हललं नाही तर नवी शाळा ऑनलाइन ‘रिलीज रिक्वेस्ट’ पाठवू शकते.

दाखला हातात आला की टेबलापाशीच वाचा. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी एकच आहे का, आईचं नाव आहे का, शाळा सोडल्याची तारीख, जनरल रजिस्टरचा क्रमांक, सही, शिक्का. परराज्यातल्या दाखल्यावर बऱ्याचदा तिकडच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात. ती तिथेच घेऊन टाका, नाहीतर सावंतवाडीची फेरी परत पडते. मूळ दाखला शाळा ठेवून घेते, तेव्हा आधी झेरॉक्स काढा.

मूल पाचवीत असतं तर वाट वेगळी झाली असती. तिकडची जिल्हा परिषदेची शाळा पाचवी-सातवीपर्यंत असू शकते, गोव्यातली सरकारी प्राथमिक चौथीला संपते. पाचवीला थेट हायस्कूलच गाठावं लागतं.

बांधकामावर काम करणाऱ्या कुटुंबातला नऊ वर्षांचा मुलगा आमच्या वाड्यावर आहे. कधीच शाळेत गेला नाही, जन्मदाखला नाही. त्याला पहिलीत घालायचं का?
— एक वाचक, चिखली

पहिलीत नको. चौथ्या कलमानुसार त्याला वयाच्या वर्गात, म्हणजे साधारण चौथीत, प्रवेश मिळतो आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळतं. किमान तीन महिने, फार तर दोन वर्षं. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही, हे चौदावं कलम. इस्पितळाची किंवा परिचारिकेच्या रजिस्टरची नोंद, अंगणवाडीतली नोंद, यांपैकी काही नसेल तर पालकांनी लिहून दिलेलं वय चालतं.

पण चौथीचं पुस्तक पुढ्यात ठेवून मुलाला नुसतं बसवलं तर तो पंधरा दिवसांत पळतो. मुख्याध्यापकांकडून विशेष प्रशिक्षणाची मागणी भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी जायला हवी. दुसरं, ठेकेदाराचं काम केव्हा संपणार ते विचारून ठेवा. कुटुंब हललं की पेन क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून आईच्या हातात द्या. पुढच्या गावात त्याची शाळा त्या चिठ्ठीवरून सुरू होईल.

जन्मदाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग एक, आधारवर दुसरं, शाळेत तिसरं. कुठलं धरायचं?
— एक आई, म्हापसा

जन्मदाखल्यावरचं. हा गोव्याचा जुना रोग आहे. आजोबांच्या कागदावर शिरोडकरांचा ‘श’ एक्सने आणि ‘क’ सीने लिहिलेला असतो. वडिलांनी तो बदलून घेतला, पण सगळीकडे नाही. मग नातवाच्या तीन कागदांवर तीन शिरोडकर उभे राहतात.

जन्मदाखल्यातलंच स्पेलिंग चुकलं असेल तर आधी तिथे दुरुस्ती. ती नोंदणी जिथे झाली तिथे होते. नाव किंवा आडनाव खरोखरच बदलायचं असेल तर 1990 च्या गोवा नाव-आडनाव बदल कायद्याखाली निबंधकांकडे अर्ज करावा लागतो. त्यानंतर आधार, मग शाळा. हा क्रम उलटा केला तर प्रत्येक ठिकाणी दोनदा जावं लागतं. शाळेत जनरल रजिस्टरमध्ये दुरुस्ती झाली की यू-डायसमध्येही झाली का ते विचारा, कारण रजिस्टर दुरुस्त आणि संगणकात जुनंच, हे हमखास घडतं. नववी-दहावीत नाव बोर्डाकडे जाण्याआधी हे संपवा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर एकदा छापलं की तेच नाव जन्मभर.

1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. त्या मुलांच्या पालकांनी आत्ताच कागद काढून एकदा नीट वाचावा.

मुलगा मराठी माध्यमातून चौथी करतो आहे. पाचवीला हायस्कूलमध्ये सगळं इंग्रजीत. जवळच्या अनुदानित हायस्कूलने ‘छोटी चाचणी’ घेऊ असं सांगितलं. हे चालतं का? आणि तो झेपवेल का?
— एक पालक, कुर्टी

चाचणीचं आधी. तेराव्या कलमाखाली प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची कसलीही छाननी बंद आहे, मुलाखतसुद्धा. पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळी 50,000. मात्र एक फाटा आहे. 2014 च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा, अनुदानित असोत वा नसोत, या कायद्याबाहेर काढल्या. 2025 मध्ये न्यायालयानेच त्या निकालाविषयी शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे न्यावा असं म्हटलं. गोव्यात चर्चच्या संस्थांची हायस्कुलं बरीच आहेत, तेव्हा भांडायला जाण्याआधी शाळा कुठल्या प्रकारात मोडते ते विचारा. अल्पसंख्याक संस्था नसेल तर ‘चाचणीचं लेखी द्या’ एवढं म्हटलं की चाचणी बहुतेक गायब होते.

झेपण्याचा प्रश्न जास्त महत्त्वाचा. मराठी माध्यमाचं मूल पाचवीत अडखळतं ते इंग्रजी विषयात कमी आणि गणित-विज्ञानात जास्त. बेरीज त्याला येते, पण ‘अ‍ॅडिशन’ म्हणजे बेरीज हे ठाऊक नसतं. वर्गात ‘डिनॉमिनेटर’ म्हटलं की ते गप्प बसतं. शिक्षकांना वाटतं अपूर्णांक कच्चे आहेत. खरं तर छेद कुठला ते त्याला तुमच्या-आमच्यापेक्षा बरं कळतं.

म्हणून सुट्टीत इंग्रजीची शिकवणी लावण्याआधी हे करा. वही मध्ये दुमडून दोन रकाने पाडा. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे तोच शब्द इंग्रजीत. रोज पाचच. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, बाकी. दुसऱ्या दिवशी सम, विषम, अंश, छेद, अपूर्णांक. मग कोन, बाजू, परिमिती, क्षेत्रफळ, रेषा. विज्ञानाचे मूळ, खोड, पान, बी, पचन. आठ-नऊ दिवसांत चाळीसेक शब्द होतात आणि पाचवीचं पहिलं सत्र तेवढ्यावर बरंच निभावतं.

संख्यांकडे वेगळं लक्ष द्या. मराठीत आपण एकक आधी म्हणतो: पंचवीस म्हणजे पाच आणि वीस. इंग्रजीत दशक आधी. त्यातून एकोणतीस, एकोणसाठ, एकोणसत्तर यांत ‘एक कमी’चा हिशेब. मूल ‘फिफ्टी नाइन’ ऐकून मनात एकोणसाठ करतं, मग 59 लिहितं, तोवर फळ्यावर पुढचं गणित आलेलं असतं. रोज दहा आकडे इंग्रजीत बोलून लिहायला लावा. एकोणवाले आधी. याला पाच मिनिटं पुरतात.

प्रवेशासाठी चौथीचा निकाल लागायची वाट बघू नका. जवळच्या दोन हायस्कुलांत अर्ज कधी निघतात ते वर्ष संपण्याच्या दोन महिने आधीच विचारून ठेवा. जातीचा दाखला लागणार असेल तर तो उपजिल्हाधिकाऱ्यांकडून आणि उत्पन्नाचा मामलेदाराकडून. ऐन प्रवेशाच्या वेळी दोन्हीकडे रांग असते.

माध्यान्ह आहाराची भाजी आठवड्यातून एकदा तरी आंबूस लागते, आणि मुलं म्हणतात पोट भरत नाही. तक्रार केली तर गटातल्या बायकांच्या पोटावर पाय येईल म्हणून गप्प आहोत.
— पालक-शिक्षक संघाची एक सदस्य, दवर्ली

संकोच समजतो, पण भाजी आंबते ती बहुधा वेळेमुळे. गोव्यात बहुतेक ठिकाणी स्वयंसहाय्य गट आपल्या स्वयंपाकघरात शिजवून जेवण शाळेत आणून देतात. एकच गट अनेक शाळांना पुरवतो. पहाटे भाजी तयार होते, गरम असतानाच मोठ्या डब्यात भरून झाकण घट्ट बसवतात, टेंपो एकेक शाळा करत येतो. डबा शेवटच्या शाळेत उघडेपर्यंत भाजी धड गरम नसते, धड थंड नसते. जंतू वाढायला नेमकी तीच ऊब हवी असते. भाजीत ओलं खोबरं वाटून घातलेलं असेल तर आंबणं आणखी लवकर. उकाड्याचे महिने सर्वांत वाईट.

तेव्हा गटाशी आधी हे बोला: तुमची शाळा टेंपोच्या फेरीत कितवी? शेवटची असेल तर क्रम आठवड्याने फिरवता येतो. गरमीत ओल्या खोबऱ्याऐवजी कांदा-टोमॅटोचं वाटण. कडधान्य आदल्या रात्री भिजवून पूर्ण शिजवलेलं. अर्धकच्चं चण्याचं किंवा वाटाण्याचं दाणं बोटाने चेपलं जात नाही, तेवढी परीक्षा पुरे. मोठ्या एका डब्याऐवजी दोन लहान डबे, म्हणजे एक उघडला तरी दुसरा गरम राहतो. शिजवून झाल्यापासून वाढेपर्यंत दोन तासांच्या वर जाऊ नये असं बघा.

आता पोट भरण्याचं. पीएम पोषण या माध्यान्ह आहार योजनेच्या मापाने पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. सहावी ते आठवीला 150, 30, 75 आणि साडेसात ग्रॅम. ही वजनं कच्च्या मालाची आहेत, ताटातल्या पदार्थाची नव्हेत. पालकांची इथे गफलत होते. पुलावाच्या दिवशी 100 ग्रॅम तांदळाचा भात पाणी धरून अडीच-तीनपट भरतो. पाव-भाजीच्या दिवशी पिठाचं वजन धरायचं, पावाचं नव्हे. 45 मुलं असतील तर साडेचार किलो धान्य, 900 ग्रॅम डाळ, सव्वादोन किलो भाजी, 225 ग्रॅम तेल, असा हिशेब कागदावर मांडून गटाच्या हिशेबाशी ताडून बघा. भाजी पातळ दिसत असेल तर बहुतेक कमी पडलेली असते ती डाळ.

नियम असा की मुलांना वाढण्याआधी किमान एका शिक्षकाने चव घ्यायची. चव घेतल्याची रोजची नोंद होते का ते विचारा. सही आधीच आठवडाभराची करून ठेवलेली दिसली तर त्यावरून समजायचं ते समजा. पालकांनीही पाळीपाळीने चव घ्यावी. जेवणच आलं नाही तर 2015 च्या नियमांनुसार त्या दिवसाचा अन्न सुरक्षा भत्ता पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत मिळायला हवा. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस खंड पडला तर जबाबदारी निश्चित करणं सरकारवर बंधनकारक आहे.

कुणाला उलटी-जुलाब झाले तर मात्र चर्चा नको. वाढणं थांबवा, मुलाला आरोग्य केंद्रात न्या, त्या दिवसाचं थोडं जेवण स्वच्छ स्टीलच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाला त्याच दिवशी कळवा. भांडी घासली गेल्यावर तपासायला काही उरत नाही.

शाळेचं छप्पर मंगळुरी कौलांचं. दर पावसाळ्यात दुसरीचा वर्ग गळतो, बादल्या लावतो. पंचायत म्हणते आमचं काम नाही.
— एक पालक, थिवी

पंचायत खरं बोलते. इमारत शिक्षण खात्याची. काम सार्वजनिक बांधकाम खात्यातून किंवा साधनसुविधा विकास महामंडळातून होतं आणि मागणी मुख्याध्यापकांनी भागशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत करायची. अर्ज पहिला पाऊस पडल्यावर गेला तर त्या वर्षी काही होत नाही: अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा एवढं उरकेपर्यंत चतुर्थी येते. अर्ज दिवाळीनंतर लगेच द्या. काम एप्रिल-मेमध्ये व्हायला हवं.

अर्जात ‘छप्पर गळते’ एवढंच लिहू नका. पाऊस असताना खोलीत उभे राहून गळतीच्या जागी जमिनीवर खडूने खूण करा, तिचा आणि वरच्या छताचा फोटो तारखेसह काढा. गळती नेमकी कुठे त्यावरून कारण कळतं. मधेच एखाद्या ठिकाणी थेंब असेल तर कौल फुटलंय किंवा माकडांनी सरकवलंय. ते एका दिवसाचं काम आहे. भिंतीलगत ओघळ येत असेल तर छप्पर भिंतीला मिळतं तिथला सांधा किंवा पन्हळ तुंबलेली. आढ्याखाली सरळ रेषेत गळत असेल तर वरच्या कौलांचा गिलावा सुटलाय. छप्पर मधोमध खोलगट दिसत असेल तर गोष्ट गंभीर: वासा किंवा रीप कुजली आहे, वाळवी लागली आहे. तिथे कौलं बदलून उपयोग नाही, लाकूड बदलावं लागेल. खालून पत्र्याचं किंवा प्लायचं छत मारलेल्या खोल्यांत हे सगळं झाकलं जातं. छतावर तपकिरी डाग पसरत असेल तर वरचं लाकूड एकदा उघडून बघायला सांगा.

छप्पर खोलगट दिसलं की वर्ग त्याच दिवशी हलवा. व्हरांडा, दुसऱ्या वर्गासोबत, नाहीतर देवळाचं सभागृह. भिंतीतून पाणी स्विचबोर्डाकडे उतरत असेल तर त्या खोलीचा वीजपुरवठा मेनवरूनच बंद ठेवा.

पट 18 वर आला. शाळा शेजारच्या शाळेत विलीन होणार अशी कुजबुज आहे. आम्ही काय करू शकतो?
— पालक, ताळगाव

कुजबुजीवर चालू नका, भागशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा. उत्तर आलं नाही तर दहा रुपये शुल्काचा माहिती अधिकाराचा अर्ज करा; 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पट कमी म्हणून काय काय घटतं ते बघा. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेचं शाळा अनुदान पटावर ठरतं: 30 मुलांपर्यंत वर्षाला 10,000 रुपये, त्यावर 100 पर्यंत 25,000. म्हणजे 31 वं मूल शाळेला 15,000 रुपये आणून देतं. ही मोजणी 30 सप्टेंबरच्या पटावर होते, त्यामुळे ऑक्टोबरात आलेली दोन मुलं त्या वर्षी हिशेबात नाहीत. शिक्षकांचं वेगळं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिले आहेत, 18 मुलांनाही दोनच. एकच शिक्षक असेल तर दुसऱ्याची मागणी हा तुमचा हक्क आहे. एकाच शिक्षकाकडे चार वर्ग, आहाराचा हिशेब आणि यू-डायस असं असलं की पालक मूल काढून नेतात. पट आणखी घसरतो आणि मग तोच पट बोट दाखवायला उपयोगी पडतो.

विलीनीकरण झालंच तर केंद्राच्या 2010 च्या नियमांतलं अंतर लक्षात ठेवा: पहिली ते पाचवीसाठी शाळा चालत जाता येईल अशी, एक किलोमीटरच्या आत. मधे हमरस्ता असेल तर अंतर मोजून भागत नाही, तो ओलांडायची जागाही दाखवा.

शाळा व्यवस्थापन समिती कागदावरच असेल तर जागी करा. एकविसाव्या कलमानुसार तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळा विकास आराखडा ही समिती करते. आराखड्यात इमारत, शिक्षक आणि पुढच्या तीन वर्षांत येऊ शकणारी मुलं मांडता येतात. इतिवृत्ताची प्रत वर पाठवलेली नसेल तर बैठक झाली नाही असंच धरलं जातं.

आणि पट कुठे गळतो? पहिलीत नाही. तो तीन वर्षांच्या वयात गळतो. इंग्रजी शाळेची केजी मुलाला तेव्हाच उचलते आणि तिथून ते परत येत नाही. म्हणून जानेवारीत अंगणवाडीताईंकडून पाच वर्षांच्या मुलांची यादी घ्या, घरी जा, आणि पालक काय विचारतात ते ऐका. बऱ्याच घरांत अडचण माध्यमाची नसतेच. शाळा दुपारीच सुटते आणि आई-बाप संध्याकाळी येतात. त्या तीन-चार तासांची सोय वाड्यावर कुणी केली तर दोन-तीन मुलं टिकतात.

मुलगा चौथीत. तोंडी सगळं सांगतो, वाचताना अक्षरं उलटी करतो. बाई म्हणतात आळशी आहे.
— एक आई, फातोर्डा

आधी डोळे आणि कान तपासा. शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ते बघून पुढे पाठवू शकतं. चष्म्याने वाचन सुधारलं तर प्रश्न तिथेच मिटला. नाही सुटला तर समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांकडे नोंद करायला मुख्याध्यापकांना लेखी सांगा. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षापासून मिळतं, पुढे 14 आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. गोव्यात तपासणीसाठी बांबोळीच्या आयपीएचबी या मानसोपचार संस्थेत पाठवतात. वेळ मिळायला महिने लागू शकतात, म्हणून नाव आजच घाला. शाळेच्या दोन वह्या, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि बाईंची लेखी टिप्पणी सोबत न्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत ही अक्षमता आहे. पुढे बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती याच कागदावर मिळतात.

तोवर वर्गात: पुढचा बाक, फळ्यावरून उतरवण्याऐवजी छापील कागद, मोठ्या आवाजात वाचायला उभं न करणं. यासाठी कुणाचं प्रमाणपत्र लागत नाही.

शाळेत मिळालेली लोहाची गुलाबी गोळी घेऊन मुलीला मळमळलं. बंद करू?
— एक पालक, सांताक्रूझ

उपाशीपोटी घेतली असेल. ती आठवड्याला एकच असते, 45 मिलिग्रॅम लोह आणि 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड; आहार झाल्यावर पाण्याबरोबर द्यायची, चहाबरोबर नाही. शी काळी झाली तर घाबरू नका. ताप असेल त्या आठवड्यात गोळी टाळा, थॅलॅसेमियासारखा रक्ताचा आजार असेल तर शाळेला आधीच लेखी कळवा. जंताची गोळी वेगळी, ती फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये. चावून खायची, गिळायची नाही.

अपारचं संमतिपत्र भरलंच पाहिजे का?
— एक वाचक, म्हापसा

अपार म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक. संमती या शब्दातच उत्तर आहे. द्यायची नसेल तर तसं लिहून द्या, प्रवेश अडत नाही. द्यायची असेल तर आधी आधार आणि शाळेतलं नाव जुळवा. न जुळल्यास क्रमांक तयारच होत नाही.

वर्गशिक्षकच संध्याकाळी घरी पैसे घेऊन शिकवणी घेतात.
— नाव न देण्याची विनंती, फोंडा

अठ्ठाविसाव्या कलमाने शिक्षकांना खासगी शिकवणी बंद आहे. मुख्याध्यापकांकडे लेखी द्या, प्रत भागशिक्षणाधिकाऱ्यांना.

बालरथ रोज उशिरा येतो. तक्रार वाहतूक खात्याकडे करायची?
— एक पालक, कुर्टी

बालरथ, म्हणजे मुलांची ने-आण करणारी बस, अनुदानित शाळांच्या व्यवस्थापनाकडे असतो, तेव्हा आधी तिथे. आठवडाभर गाडी आल्याची वेळ लिहून ठेवा आणि तो कागद जोडा. परिचर गाडीत नसेल किंवा मुलं उभी येत असतील तर मात्र थांबू नका, तीच तक्रार शिक्षण खात्याकडे आणि वाहतूक खात्याकडे एकाच दिवशी द्या.

आठवीतल्या मुलीसाठी कुठली शिष्यवृत्ती?
— एक पालक, दवर्ली

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे एनएमएमएस. परीक्षा आठवीतच असते, नंतर संधी नाही. सातवीत 55 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सूट), सरकारी किंवा अनुदानित शाळा, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये, थेट मुलीच्या खात्यात. खातं मुलीच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं. दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि अकरावीला शाळा बदलताना पुष्कळ मुली तिथेच गळतात: नव्या उच्च माध्यमिकाने अर्ज पडताळून पुढे पाठवला की नाही ते राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर स्वतः बघा.